चमचा मोडीत देण्यापूर्वी

दिवाळीची आवराआवर कितीही कसोशीने केली, तरी स्वयंपाकघरातील एक खण शेवटपर्यंत तसाच राहतो. त्यात जोडीदार हरवलेले काटे असतात, मानेत वाकलेले चमचे असतात, धार गेलेल्या सुऱ्या असतात आणि कोणे एके काळी पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या संचातील उरलेसुरले नगही असतात. ते वापरात नसतात आणि टाकवतही नाहीत. दरवर्षी आपण तो खण उघडतो, पाहतो आणि पुन्हा बंद करतो.

आमच्या घरी गेल्या वर्षी असाच खण रिकामा करताना तळाशी एका विटक्या मखमली डबीत सहा चमचे निघाले. ते आजीच्या लग्नात आहेरात आलेले होते. दांड्याच्या टोकाशी द्राक्षवेलीची नक्षी होती. बाकी सारे काळवंडलेले. चांदीचे असावेत या आशेने आम्ही ते सराफांकडे नेले. त्यांनी एक चमचा कसोटीच्या दगडावर घासला, आम्लाचा थेंब टाकला आणि हसून परत केला. वर चांदीचा मुलामा होता, आत जर्मन सिल्व्हर. भंगारवाल्याने सांगितलेली किंमत चौघांच्या नाश्त्यालाही पुरली नसती. आत्या मात्र निक्षून म्हणाली, “विकू नका आणि मोडूही नका. पाहुण्यांना शिऱ्याची बशी देताना आई हेच चमचे काढायची.”

विकायचे नाहीत, मोडायचे नाहीत, वापरताही येत नाहीत. मग करायचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जुन्या चमच्या-काट्यांना नवे रूप देण्याच्या एका मोठ्या आणि रंजक कलेशी आमची ओळख झाली. त्या ओळखीत आमच्या हातून एक चूकही घडली. ती पुढे सांगणारच आहे, कारण वाचकांनी ती टाळावी हा या लेखाचा एक हेतू आहे.

चमच्यांचा प्रवास

आपली जेवणाची रीत हाताने जेवण्याची. वाढण्यासाठी डाव, पळी, ओगराळे, झारा ही आयुधे आपल्याकडे पूर्वापार होती. पण ताटाशेजारी काटा-चमचा मांडण्याची पद्धत इंग्रजी अमलाबरोबर आली. पश्चिमेत मात्र टेबलावरचे चमचे हे घराण्याच्या प्रतिष्ठेचे लक्षण होते. ज्यांना अस्सल चांदी परवडत नव्हती, त्यांच्यासाठी इंग्लंडमधील शेफील्ड आणि बर्मिंगहॅम या शहरांनी नवनवे मार्ग शोधले. विजेच्या साहाय्याने हलक्या धातूवर चांदीचा पातळ थर चढविण्याच्या पद्धतीचे एकस्व बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले आणि चांदीसारखे दिसणारे चमचे मध्यमवर्गाच्या घरात पोहोचले. पुढे १९१३ मध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यांनी, बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबविण्याचा उपाय शोधताना, सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद तयार केले. त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो सुऱ्या-चमच्यांसाठीच. आज आपल्या प्रत्येक घरात असलेले स्टेनलेस स्टील ते हेच.

स्टील आले, तसे मुलाम्याचे जड चमचे कपाटात गेले. घासूनपुसून लखलखीत ठेवण्याचा त्यांचा त्रास कोणाला नको होता. अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांत तरुण मुलामुलींनी आज्यांच्या कपाटातील हेच चमचे काढून त्यांच्या नक्षीदार दांड्यांच्या अंगठ्या वळविल्या. चमच्याची अंगठी ही तेव्हापासून तेथील एक लोकप्रिय हस्तकला झाली आहे.

आधी धातू ओळखावा

कोणत्याही चमच्याला करवत लावण्यापूर्वी तो कशाचा आहे हे समजून घ्यावे. पुढचे सारे त्यावरच अवलंबून असते.

पहिली परीक्षा लोहचुंबकाची. चांदी, पितळ, ॲल्युमिनियम, जर्मन सिल्व्हर यांना चुंबक चिकटत नाही. स्टीलमध्ये मात्र दोन्ही प्रकार आढळतात. दांड्यामागे ‘१८/८’ किंवा ‘१८/१०’ असे इंग्रजी आकडे असतील, तर त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ किंवा १० टक्के निकेल आहे. अशा चमच्याला चुंबक बहुधा चिकटत नाही. ‘१८/०’ असेल तर चिकटतो. सुरीच्या पात्याला तर तो हमखास चिकटतो, कारण धार टिकावी म्हणून पाते वेगळ्या, कठीण पोलादाचे केलेले असते.

दुसरी परीक्षा ठशांची. इंग्लंडमधील अस्सल चांदीवर चालत्या सिंहाचा बारीक ठसा असतो. अमेरिकेतील चांदीवर ‘स्टर्लिंग’ असा शब्द असतो. ‘९२५’ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. ‘ई-पी-एन-एस’ ही चार इंग्रजी अक्षरे असतील, तर तो जर्मन सिल्व्हरवर चढविलेला चांदीचा मुलामा समजावा. ‘ए-वन’ हा शिक्का मुलाम्याच्या दर्जाचा आहे, चांदीच्या शुद्धतेचा नव्हे. युरोपीय चमच्यांवरील ‘९०’ हा आकडाही अनेकांना फसवितो. डझनभर चमचे आणि डझनभर काटे यांवर मिळून ९० ग्रॅम चांदी चढविली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. मुलाम्याचा चमचा जेथे सर्वांत जास्त घासला जातो, तेथे म्हणजे वाटीच्या बुडाशी किंवा काट्याच्या टोकांवर आतला पिवळट-करडा धातू डोकावू लागतो. हा आतला धातू म्हणजे जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कणही नसतो; तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण. आपल्या खेडोपाडी ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. पण हातात घेताच फरक कळतो. ॲल्युमिनियम अगदी हलके असते, जर्मन सिल्व्हर चांगले वजनदार.

शंका राहिली, तर सराफांकडे जावे. हुपरीसारख्या चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातील कारागीर तर कसोटीवरचा कस पाहून टंच सांगतात.

चमच्याची अंगठी

अंगठीसाठी सर्वांत सोयीचा चमचा अस्सल चांदीचा. तो मऊ असतो, वळतो, आणि त्वचेलाही सहसा त्रास देत नाही. दांड्याचे नक्षीदार टोक हा अंगठीचा दर्शनी भाग होतो.

प्रथम बोटाचे माप घ्यावे. कागदाची पट्टी बोटाभोवती गुंडाळून खूण करावी. अंगठी रुंद असेल तर माप थोडे सैल ठेवावे. या मापात धातूच्या जाडीच्या तिप्पट लांबी मिळवावी. उदाहरणार्थ, अंगठीचा आतील व्यास १७ मिलिमीटर आणि दांड्याची जाडी दीड मिलिमीटर असेल, तर सुमारे ५८ मिलिमीटर लांबीचा तुकडा लागतो. दोन्ही टोके एकमेकांवरून जाणारी, वेलीसारखी गुंडाळलेली अंगठी हवी असेल, तर आणखी ८-१० मिलिमीटर घ्यावेत.

चमचा शेगड्यात पकडताना दोन्ही बाजूंना चामड्याचे किंवा लाकडाचे तुकडे ठेवावेत, नाहीतर नक्षीवर वळ उठतात. सोनाराच्या बारीक करवतीने तुकडा कापावा. कापलेली कड कानशीने गोल करावी, मग पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत करावी की गालावरून फिरविली तरी टोचू नये.

ठोकून-वळवून चांदी ताठर होते. तिला पुन्हा मऊ करण्यासाठी तापवावे लागते. अंधूक उजेडात धातू मंद लालसर दिसू लागला, म्हणजे सुमारे ६०० ते ६५० अंशांवर पोहोचला, की ज्योत बाजूला घ्यावी आणि तुकडा पाण्यात विझवावा. हे काम घरी करण्यापेक्षा सोनाराकडून करून घेणे शहाणपणाचे. त्याला ते पाच मिनिटांचे काम. नंतर निमुळत्या गोल कांबीवर ठेवून लाकडी हातोडीने आधी दोन्ही टोके वळवावीत आणि मग मधला भाग. लोखंडी हातोडी वापरली तर नक्षी चेपते.

मुलाम्याच्या चमच्याची गोष्ट वेगळी. तो तापविला की वरचा चांदीचा थर बिघडतो, म्हणून तो थंडच वळवावा लागतो. हळूहळू आणि एकाच दिशेने. पुढे-मागे वाकविला की मानेत तडा जातो. शिवाय कापलेल्या कडेशी निकेलयुक्त धातू उघडा पडतो. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या अंगाला खाज सुटते किंवा पुरळ उठते, त्यांना बहुतेक वेळा निकेलच सोसत नसते. अशांनी मुलाम्याच्या चमच्याची अंगठी किंवा कर्णफुले घालू नयेत. त्यांच्यासाठी किल्ल्यांची साखळी, पुस्तकातील खूण अशा अंगाला न चिकटणाऱ्या वस्तू कराव्यात.

स्टीलची अंगठी घरी वळविण्याच्या फंदात पडू नये. स्टील वाकते आणि उसळी मारून परत येते.

आणि आता आमची चूक. आत्याची समजूत घालून आम्ही सहांपैकी एक चमचा प्रयोगासाठी घेतला. माप घेतले, खूण केली, करवत चालविली. तुकडा घासून स्वच्छ करताना काळ्या थराखालून मागच्या बाजूला काही टिकल्या दिसू लागल्या. पूर्वी भांड्यांवर नाव घालण्याचे यंत्र नव्हते. भांडीवाले छिन्नीच्या टोकाने टिकल्याटिकल्यांनी अक्षरे उमटवीत. त्या टिकल्यांनी आजीच्या नावाचे आद्याक्षर घातले होते आणि पुढे लग्नाचे साल, १९५२. आमची करवत नेमकी त्या सालाच्या मधून गेली होती. अंगठीच्या तुकड्यावर आद्याक्षर आणि ‘१९’ राहिले, वाटीकडच्या तुकड्यावर ‘५२’. आत्या काही बोलली नाही. दोन्ही तुकडे तिने हातात घेऊन एकमेकांना जुळवून पाहिले आणि खाली ठेवले.

म्हणून सर्वांत महत्त्वाची सूचना ही: कापण्यापूर्वी चमचा आधी स्वच्छ करावा आणि त्याची मागची बाजू वाचावी. ॲल्युमिनियमची पातळ चकाकी कागदासारखी पत्री एका भांड्यात पसरावी, तिच्यावर चमचा ठेवावा, खाण्याचा सोडा घालावा आणि उकळते पाणी ओतावे. काही मिनिटांत चांदीवरचा काळेपणा उतरतो. नक्षीच्या खाचांतील काळी छटा राखायची असेल, तर मात्र हा उपाय न करता मऊ कापडाने हलकेच पुसावे.

बागेत, बैठकीत, मुलांच्या हातात

ज्यांना करवत आणि कानस यांचा सराव नाही, त्यांच्यासाठीही जुन्या चमच्यांत पुष्कळ काही आहे. काही उपयोगांना तर काहीच मोडावे लागत नाही. लहान कुंडीतील रोप मुळांसकट उचलण्यासाठी जुना चमचा खुरप्याहून सोयीचा असतो. वरची घट्ट झालेली माती काट्याने मोकळी करता येते आणि फरशीच्या फटींतील तण बोथट सुरीने निघते. एकदा मातीत गेलेले हे नग पुन्हा स्वयंपाकघरात आणू नयेत.

मुले शाडूची माती घेऊन बसली की त्यांना एक काटा द्यावा. मातीचे दोन भाग जोडण्यापूर्वी दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढून पाणी लावले की सांधा पक्का बसतो; कुंभारकामातील ही जुनी रीत आहे. चमच्याच्या पाठीने माती गुळगुळीत होते. रांगोळीच्या रंगांवरून काटा अलगद ओढला, तर समांतर रेषांची सुरेख लहर उमटते.

रोपांच्या नावाच्या पाट्या हा आणखी एक सोपा उद्योग. चमच्याची वाटी ऐरणीवर ठोकून सपाट करावी. ॲल्युमिनियम आणि पितळ सहज चपटे होतात, स्टील दाद देत नाही. मराठी अक्षरांचे ठसे बाजारात सहसा मिळत नाहीत. पण भांड्यांवर नाव घालणारा कारागीर आजही प्रत्येक मोठ्या भांडीबाजारात बसलेला असतो. ‘तुळस’, ‘ओवा’, ‘गवती चहा’ अशी नावे त्याच्याकडून घालून घ्यावीत. पावसात पुसली न जाणारी पाटी तयार होते.

स्टीलच्या चमच्यांची उत्तम गत म्हणजे खुंट्या. वाटी भिंतीकडे ठेवून दांडा शेगड्यात पकडून वर वळवायचा आणि वाटीत दोन भोके पाडून जुन्या शिसवी फळीवर स्क्रूने बसवायचा. अशा चार खुंट्यांवर टॉवेल, किल्ल्या, पिशव्या सारे टांगता येते. स्टीलला भोक पाडताना आधी टोच्याने खूण करावी, म्हणजे गिरमिटाचे टोक घसरत नाही. ड्रिल सावकाश फिरवावे, थेंबभर तेल सोडावे आणि दाब कायम ठेवावा. गिरमिट न कापता नुसते फिरत राहिले, तर त्या जागी स्टील अधिकच कठीण होते आणि मग काही केल्या भोक पडत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

मोठ्या काट्यांचे दांडे कपाटाच्या खणांना मुठी म्हणून शोभतात. गॅलरीत टांगायची किणकिणती माळ करायची असेल, तर चमचे टोकाशी बांधू नयेत. सरळ कांब तिच्या लांबीच्या साधारण एकपंचमांशापेक्षा किंचित जास्त अंतरावर टांगली, तर तिचा नाद जास्त वेळ घुमतो, कारण कंपन होताना ती जागा जवळजवळ स्थिर असते. चमच्याची वाटी जड असल्याने ही जागा थोडी सरकते. दोरा निरनिराळ्या ठिकाणी धरून, बोटाने टिचकी मारून, कानानेच ती शोधावी.

काय मोडू नये

उत्साहाच्या भरात सगळ्याच वस्तूंवर करवत चालवू नये. ज्या संचाचे सर्व नग शाबूत आहेत, तो संच तसाच राहू द्यावा. ज्यावर जुने, स्पष्ट ठसे आहेत, असा चमचा जाणकाराला दाखविल्याशिवाय कापू नये. वस्तू म्हणून त्याची किंमत चांदीच्या वजनाहून अधिक असू शकते. मोडीत देताना तर घट वजा होते, घडणावळ बुडते, हाती केवळ धातूचा भाव येतो.

पोकळ मुठीच्या जुन्या सुऱ्यांपासून विशेष सावध राहावे. त्यांची चांदीची मूठ पातळ पत्र्याची असते आणि आत राळ किंवा सिमेंट भरलेले असते. अशी मूठ तापविली तर ती फुटून अंगावर उडू शकते. तिचे वजनही फसवे. त्यातले बरेचसे वजन चांदीचे नसतेच.

आणि बाळाच्या उष्टावणाचा वाटी-चमचा. तो कितीही लहान असो, चेपलेला असो, तो मोडू नये. ज्या चमच्याने आईला खीर भरविली, त्याच चमच्याने तिच्या लेकराला भरविता येते. ज्या वस्तूचा मूळ उपयोग अजून शिल्लक आहे, तिला नवे रूप देण्याचे कारण नाही.

उरलेले पाच चमचे

पहिल्या चुकीनंतर आम्ही महिनाभर त्या डबीला हात लावला नाही. मग आत्यानेच विषय काढला. “नाव राहील असे काही करता येत असेल, तर करा,” ती म्हणाली. तिला खोट्या बांगड्यांनीसुद्धा मनगटावर पुरळ उठते, त्यामुळे तिच्यासाठी अंगठीचा प्रश्नच नव्हता. या वेळी आधी सर्व चमचे स्वच्छ केले. पाचही चमच्यांवर तेच आद्याक्षर आणि तेच साल होते. माप नक्षीच्या टोकापासून न घेता अक्षरांपासून घेतले. नक्षी, नाव आणि साल तिन्ही एका तुकड्यात येतील असा दांडा कापला, कडा गोल केल्या, टोकाशी भोक पाडून कडी ओवली. आत्याला आणि दोन्ही चुलतबहिणींना अशी एकेक किल्ल्यांची साखळी मिळाली. तिन्ही वाट्यांना भोके पाडून त्या देवघराशेजारच्या कपाटाच्या खणांना मुठी म्हणून लावल्या.

दोन चमचे आम्ही अखंड ठेवले. त्यांतला एक साखरेच्या डब्यात असतो. कोरड्या साखरेला मुलाम्याचा चमचा चालतो. चिंच, लोणचे, दही यांत मात्र तो कधी घालत नाही, कारण आंबट पदार्थात आतला धातू उतरतो. दुसरा चमचा डबीत आहे. ‘१९’ राहिलेली ती पहिली अंगठी माझ्या बोटात असते आणि ‘५२’ असलेला तुकडा डबीत, त्या चमच्याशेजारी.

साखळी दिली त्या दिवशी आत्याने ती हातात घेतली, पण द्राक्षवेलीकडे पाहिलेही नाही. आधी उलटी केली. अंगठ्याने टिकल्या चाचपल्या, एकेक करून, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सर्वांत आधी कपाटाची किल्ली त्या कडीत घातली.